पेव क्रमांक सतरा

पेव १

"काठी लावली. खूण कर," ताम्हनकर सर म्हणाले.

मी यादीतल्या एक नंबरपुढे हिरव्या पेन्सिलीनं खूण केली. यादीखाली कार्बन होता, कार्बनखाली दुसरी प्रत. वरची प्रत आमची, खालची व्यापाऱ्याची. अशीच पद्धत होती.

"एकशे ऐंशी पोती," आवटीशेठ म्हणाले.

मी एकशे ऐंशी लिहिलं.

एकतीस मार्च. सकाळचे दहा. सांगलीबाहेर हरिपूर, नदीच्या अंगाला आवटींचं आवार. आवारात बघण्यासारखं काहीच नाही. मातीचे बावीस उंचवटे आणि प्रत्येकाच्या डोक्याशी नंबर घातलेला एक दगड. माल सगळा जमिनीच्या पोटात. पेव म्हणजे वीस फूट खोल खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत माठासारखं पोट. त्यात हळद ओतायची, तोंडावर फरशी, फरशीवर माती. दोन-दोन वर्षं कीड लागत नाही. आतला माल पाच जणांना विकला जातो, पण मातीचं ढेकूळ हलत नाही. सगळा कारभार शब्दावर.

आणि आमच्या, हिशेब तपासणाऱ्या पेढीच्या, शब्दावर बँकेचा. पेठेतली सहकारी बँक आवटींना कर्ज द्यायची ते आमच्या दाखल्यावर: इतकी पेवं, इतकी पोती, आम्ही समक्ष पाहिली. खाली सही, शिक्का.

समक्ष म्हणजे सरांची काठी. चाळीस वर्षं सर दर एकतीस मार्चला उंचवट्याला काठी लावत आले होते. सोबतचा माणूस खूण करी. मग आवटींकडे पोहे.

त्या दिवशीची यादी माझ्यापाशी आहे. तिच्याच क्रमानं सांगते. जी पेवं उघडली नाहीत, ती नाही उघडली असंच लिहिते.

पेव २, ३, ४

उघडली नाहीत.

पेव ५

इथं मी थांबले. थांबायचं हे मी घरूनच ठरवून आले होते.

"सर, आज एक तरी पेव उघडू या."

आवटीशेठ हसले. बसगोंडा आवटी, सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणायची. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, खिशात वेलदोडे. "म्याडम, पेव उघडायचं म्हंजे भाकरीचा डबा न्हवं. वारं लागलं की माल काढावा लागतो. नुसकान कुणाचं?"

"दाखल्यात आम्ही समक्ष पाहिलं असं लिहितो, अण्णा. आजवर काय पाहिलं? माती."

"उज्ज्वला," सर म्हणाले. एवढंच. मला दहा वर्षं तो स्वर माहीत होता. कुणी चुकीची बेरीज आणली की तो यायचा.

"सर, आपण सोमवारी बोललो होतो."

"बोललो होतो. तू करणारच असशील तर माझी ना नाही, असंही म्हणालो होतो." मग आवटींकडे वळून, चेष्टेच्या सुरात, "अण्णा, पाडव्यापासून पेढीवर हिचं राज्य आहे. मी फक्त काठी."

"व्हय व्हय, पेपरात वाचलं की," आवटी म्हणाले. "फोटो पन झ्याक आलाय."

फोटो आला होता. 'चाळीस वर्षांच्या पेढीची धुरा प्रथमच महिलेकडे.' सरांनी स्वतः पत्रकार बोलावला होता. नऊ एप्रिलला पाडवा, विष्णुदास सभागृहात कार्यक्रम, माझ्यासाठी सरांची शिसवी खुर्ची पॉलिशला गेलेली. सरांचा पुतण्या श्रीरंग सनद घेऊन आठ वर्षं पेढीत होता. त्याला डावलून मला. माझे वडील कुपवाडच्या सूतगिरणीत जॉबर होते. त्यांनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं होतं. खुर्चीची किंमत मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"कंचं उघडायचं?" आवटींनी विचारलं.

"सतरा," मी म्हणाले.

सतरा सगळ्यात लांब होतं, नदीच्या कडेला, बाभळीमागं. दाखवायला म्हणून कुणी भरून ठेवायचं ठरवलं तर ते पुढचं भरेल, मागचं नाही. असा माझा हिशेब. त्या हिशेबाचा मला अभिमान होता.

पेव ६ ते १६

उघडली नाहीत. काठी लावली. अकरा खुणा.

चालताना सर माझ्या बरोबरीनं आले. आवटी मागं राहिले होते.

"लोकांना वाटतं बदल म्हणजे संगणक," सर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या भाषणातलं होतं. सनदी लेखापालांच्या शाखेत त्यांनी ते किमान चारदा म्हटलं होतं. "बदल म्हणजे माणूस. मी तुला आणलं. तूच बदल आहेस. आणखी काय बदलायचंय तुला?"

"काठी, सर."

ते हसले. खरंच हसले. पाठीवर हात ठेवला. मला त्या वेळी फार बरं वाटलं, हेही लिहून ठेवते, कारण राग लिहिताना माणूस असलं काही गाळून टाकतो.

पेव १७

बाबालाल मुलाणी फावडं घेऊन उभा होता. साठीचा, वाळलेला, डोक्याला गमछा. पेवं उघडणं हे त्याचं खानदानी काम. त्याचा बाप असाच एका पेवात गुदमरून गेला होता, असं त्यानं मला मागच्या वर्षी सांगितलं होतं, विडी मागावी इतक्या सहज.

"ताई, तोंड उघडलं की लगीच वाकून बघू नका," तो म्हणाला. "आतली हवा मेलेली असती. मी कंदील सोडतो. कंदील इझला तर थांबायचं. तास, दोन तास, चार तास. मग परत सोडायचा. कंदील जगला तर मानूस जगंल."

"चार तास?" सर म्हणाले. "उज्ज्वला, जेवायला बोलावलंय अण्णांनी."

"मी थांबते, सर. तुम्ही जा."

"मी पण थांबतो," सर म्हणाले आणि बाभळीखाली खुर्ची मागवली.

बाबालालनं माती ओढली. फरशी दोघा गड्यांनी सरकवली. काळं तोंड उघडलं. त्यानं कंदील पेटवला, दोरी बांधली, सोडला. पाच हात. सात हात. मी मनात चार तासांची तयारी केली होती. पिशवीत पाण्याची बाटली, पोळीभाजी.

दोरी सैल झाली. कंदील मालावर टेकला होता.

कंदील जळत होता.

बाबालाल खाली बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग आवटींकडे.

"झालं की," आवटी म्हणाले. "म्याडम नशीबवान हायती. न्हाईतर आमी संध्याकाळपत्तुर बसतो. उतर रं बाबालाल."

बाबालाल उतरला. खालून त्यानं ओंजळभर हळकुंडं टोपलीत घालून वर पाठवली. पिवळी, टणक, दाताखाली कटकन तुटणारी. पण मी काही दूधखुळी नव्हते. मी दहा फुटी सळई खाली सोडायला लावली. "चार ठिकाणी खुपसा," म्हटलं. वर हळदीचा थर आणि खाली पेंढा, असं मी ऐकलेलं होतं. बाबालालनं चार ठिकाणी खुपसली. दर वेळी सळई हळदीतच करकरत गेली. मी तोंडाशी वाकून ऐकत होते. माल होता. तळापर्यंत होता. एकशे पंचाण्णव पोती लिहिली होती, असतील तेवढी.

मान वर केली तेव्हा आवटी वेलदोडा सोलत होते. त्यांनी तो मला दिला. माझी कानशिलं तापली होती. चाळीस वर्षं व्यवहार केलेल्या माणसाला मी त्याच्या आवारात, त्याच्या गड्यांसमोर चोर ठरवलं होतं, आणि तो मला वेलदोडा देत होता.

"समाधान?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

"मग उरलेली?"

उरली होती पाच. मी काठीचीसुद्धा वाट पाहिली नाही. तिथंच, बाभळीखाली, अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. पाच खुणा सरळ ओढल्या. खालची प्रत फाडून आवटींच्या हातात दिली. शरमेनं माणूस किती भराभर लिहितो!

सर गाडीकडे गेले. मी फाटकाशी चप्पल झटकत होते. बाबालाल दोरी गुंडाळत शेजारी आला. माझ्याकडे न बघता बोलला.

"ताई, तुमी पेठंतल्या बँकेचं पन बघता व्हय?"

"नाही. का?"

"माजं पैसं हायत तितं. पोरीच्या नावानं." दोरीचा वेढा त्यानं कोपरावर घट्ट ओढला. "सतरा दिवाळीच्या आधी मीच बंद केल्यालं, असं कागदावर हाय न्हवं?"

"हो. ऑक्टोबर."

"पाच म्हैन्याचं पेव," तो म्हणाला. "आनि कंदील इझला न्हाई."

तो निघून गेला. सर हॉर्न वाजवत होते.

पेव १८ ते २१

उघडली नाहीत. म्हणजे आम्ही नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नदीनं उघडली.

नंतरचा भाग इथंच सांगून टाकते, म्हणजे शेवटच्या पेवाला दुसरं काही चिकटणार नाही.

महापुरात हरिपूरची पेवं बुडाली. कित्येक खऱ्या व्यापाऱ्यांचा खरा माल सडला, माणसं रस्त्यावर आली. त्यांच्या रांगेत आवटीही जाऊन उभे राहिले. बावीस पेवं, चार हजारांवर पोती, सगळं पाण्यात गेलं म्हणाले. पुरानं एका दिवसात सगळ्यांना उत्तर दिलं. बँकेनं कर्जाचं विचारलं, की पूर. ठेवीदारांनी बँकेला विचारलं, की पूर. वर्षभरात बँकेच्या दाराला सील लागलं.

पंप लावून पेवं उपसली ती बाबालालनं. तो मला मिरजेला शोधत आला होता. तोवर मी मिरजेत स्टँडमागं एक खोली भाड्यानं घेतली होती. दारातच उभा राहून बोलला. "ताई, सतरातनं पिवळं पानी आलं. धा दिवस पिवळं. बाकीच्या एकवीस पेवांतनं निसती नदी आली."

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"इचारलंच न्हाई कुनी."

मी त्याला घेऊन चौकशी अधिकाऱ्याकडे गेले. त्यानं टेबलावर आवटींकडची प्रत ठेवली. बावीस खुणा. कार्बनच्या, निळ्या.

"खुणा तुमच्या?"

"माझ्या."

"मग?"

मी माझी प्रत पुढं केली. त्यानं वाचली. परत वाचली. "हे तुम्ही पुरानंतरही लिहू शकता, मॅडम."

बाबालाल म्हणाला, "सायेब, पानी पिवळं..."

"तुम्ही बाहेर थांबा," साहेब म्हणाला.

बाबालालच्या मुलीचे पैसे आठ वर्षांनी, हप्त्या-हप्त्यानं, निम्मे मिळाले. आवटींवर काही शाबीत झालं नाही. सरांचा फोटो शाखेच्या सभागृहात आहे. खाली पितळी पट्टी: 'व्यवसायातील बदलाचे शिल्पकार'. दर वर्षी मला तिथं बोलायला बोलावतात. विषय नेतृत्व. मी जात नाही. एकदा गेले होते, ती पट्टी नखानं उचकटायला. चारही कोपऱ्यांना स्क्रू आहेत.

पेव २२

उघडलं नाही.

आता परत एकतीस मार्च. दुपारचे साडेतीन. सरांची केबिन. खुर्ची पॉलिशहून त्याच दिवशी आली होती. सर तिच्यात न बसता पाहुण्यांच्या खुर्चीत बसले होते. टेबलावर दाखला टाइप होऊन तयार. 'आम्ही समक्ष पाहिले.' खाली प्रथमच माझं नाव.

"बस," सर म्हणाले. "त्याच खुर्चीत बस. तुझ्याच सहीनं सुरुवात होऊ दे. पाडव्याची वाट कशाला?"

मी बसले नाही.

"सर, पाच महिने बंद असलेल्या पेवात कंदील जळतो?"

"काय?"

"हवा मरायला वेळ लागतो. सतरा ऑक्टोबरपासून बंद होतं. कंदील विझायला हवा होता. विझला नाही. म्हणजे ते आत्ता भरलं. दोन-तीन दिवसांत."

मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

"मी माल बघितला, सर. सळया खुपसल्या. मूर्खासारखी माल बघत बसले. माल तर होताच. बघायची होती ती ज्योत. आणि दुसरं. बावीसातलं सतराच का भरलं? सतरा मी निवडणार हे अण्णांना कसं कळलं?"

"गावात कानोकानी..."

"मी कुणाला बोलले नव्हते. घरीसुद्धा नाही. सोमवारी इथं, या टेबलाशी, तुम्ही मला विचारलंत. 'उघडायचंच झालं तर कुठलं उघडशील?' मला वाटलं, शिकवताय. नेहमीसारखी परीक्षा घेताय. मी सांगितलं. सतरा, बाभळीमागचं. तुम्ही म्हणालात, शाब्बास."

पंखा फिरत होता. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी अण्णांना फोन केला," ते म्हणाले. आवाज अगदी साधा. "त्यात काय? कुणाच्या घरी जायचं तर आधी कळवतात. त्यांची अडचण आहे या वर्षी. पुढच्या हंगामात भरतील. चाळीस वर्षं भरत आलेत. तू उघडलंस, तुझा मान राहिला. त्यांचाही राहिला. पेढी अशी चालते, उज्ज्वला. हे कुठल्या पुस्तकात नसतं. हे खुर्चीत बसल्यावर कळतं."

"म्हणजे बाकीची रिकामी आहेत."

"मी पाहिली नाहीत."

"चाळीस वर्षं पाहिली नाहीत!"

"आवाज खाली."

"का? बाहेर श्रीरंग आहे म्हणून? त्याला ठाऊक आहे ना? म्हणून त्यानं खुर्ची मागितली नाही. म्हणून तो माझ्या सत्काराला शाल आणायला इतक्या आनंदानं गेला. पहिली बाई! पेपरात फोटो! ज्या वर्षी पेवं रिकामी, त्याच वर्षी तुम्हाला बदल आठवला!"

सर उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. दहा वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"तुझ्या बापाला विचार," ते म्हणाले, "गिरणीतल्या जॉबरच्या पोरीला सांगलीत दुसरी कोण खुर्ची देणार होतं! मी दिली. मी! सही कर, नाहीतर ती श्रीरंगची आहे. आणि मग तू मिरजेत बसून पानवाल्यांची रिटर्नं भर."

(भरते. पानवाले वेळेवर येतात, आणि जे आहे ते सांगतात.)

मी पिशवीतून यादी काढली. वरची प्रत, हिरव्या खुणांची. खुणा पुसता आल्या असत्या, पेन्सिलच होती. पुसल्या नाहीत. त्या माझ्या होत्या. खालची प्रत आवटींच्या कपाटात होती, आणि तिच्यावर सर स्वतःची सही करून बँकेत पाठवणार, हे मला त्या क्षणीही दिसत होतं. मी पेन घेतलं. एक नंबरपुढे, खुणेला लागून लिहिलं: उघडून पाहिलं नाही.

दोन नंबरपुढे: उघडून पाहिलं नाही.

"काय करतेस?" सर म्हणाले.

तीन. चार. पाच. 'वरीलप्रमाणे' म्हणून खालपर्यंत उभी रेघ ओढता आली असती. ओढली नाही. सोळापर्यंत एकेक शब्द पूर्ण लिहिला. हात दुखायला लागला. सर मधेच म्हणाले, "उज्ज्वला, बाळ, ऐक." दहा वर्षांत मला त्यांनी पहिल्यांदा बाळ म्हटलं. मी अठरावर गेले. एकोणीस. वीस. एकवीस. बावीस. मग परत वर येऊन सतरा.

*१७. उघडलं. माल आहे. कंदील विझला नाही.*

सरांनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

"याचा अर्थ कुणाला कळणार?"

"पेव उघडणाऱ्याला."

"तो काय बँकेत बसतो?"

"नाही. त्याचे पैसे बसतात."

यादीच्या खाली तारीख घातली. शिसवी खुर्ची माझ्या पोटरीला लागत होती, नव्या पॉलिशचा वास येत होता, आणि वाकून लिहिल्यानं पाठ मोडून आली होती. खुर्ची मी पायानं मागं ढकलली आणि उभ्यानंच सही केली.